उभ्याचं माप

४ फेब्रुवारी

ताई,

परवा सकाळी मी एका भल्या बाईला लाथ मारली.

तू कपाळाला हात लावायच्या आत सांगून टाकतो. पाय माझा होता, पण लाथ मशीनची होती. इथे पुनर्वसन केंद्रात आल्यापासून पंधरा दिवस फिजिओबाई माझ्या मांडीवर चिकट पट्ट्या लावतात, त्यांच्या वायरी आपल्या खडूच्या खोक्याएवढ्या एका डबीला जोडतात आणि बटण फिरवतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मुंग्या आल्यासारखं वाटलं तर सांगा." म्हटलं, "बाई, शिडीवरून पडलो त्याला आठ महिने झाले. कमरेखालून मुंगी काय, हत्ती गेला तरी मला कुणीतरी येऊन सांगावं लागेल." पंधरा दिवस मांडीचं मांस नुसतं थरथरत होतं. परवा मी खाटेच्या कडेला पाय सोडून बसलो होतो, बाई समोर स्टुलावर चहाचा कप घेऊन, आणि बटण फिरवल्याबरोबर माझा उजवा पाय सटकन सरळ झाला तो थेट त्यांच्या गुडघ्यावर. चहा सगळा रजिस्टरवर.

मी हात जोडून माफी मागितली. त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "माफी कसली मागताय? पंधरा दिवस मी या लाथेचीच वाट बघतेय."

त्यांनी समजावलं ते मला असं कळलं. दुकानाचा फोन तुटला आहे, पण आतले कारागीर जागेवर बसून आहेत. त्यांना निरोप मिळत नाही म्हणून ते रिकामे. मशीन बाहेरून दार वाजवतं, की ते बिचारे लगेच कामाला लागतात. पाय सरळ झाला तेव्हा मला देव आठवायला हवा होता, पण आलं ते हसू. दुपारी डोळे मिटून बसलो तेव्हा वाटलं, त्या हसण्यातच काय तो नमस्कार पोचला असेल.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. धाकटा स्पीकर लावतो, मग मागून शिवणयंत्र, गिऱ्हाईक आणि तू, सगळे एकदम बोलता. पत्रात एका वेळी एकच जण बोलतो.

दुकानात कटिंग कोण करतंय? आणि धाकट्याला सांग, माझ्या टेबलावर गरम इस्त्री ठेवायची नाही.

तुझा,
मास्तर


११ फेब्रुवारी

मास्तर,

सगळी गल्ली तुला मास्तर म्हणते म्हणून मीही म्हणते, पण लहानपणी तू मला मारलेल्या लाथा मी विसरलेले नाही. तेव्हा मशीन नव्हतं. त्या बाईंना माझ्याकडून सांग की याचा उजवा पाय पहिल्यापासून असाच आहे.

कटिंग कोण करतंय विचारतोस. धाकटाच करतो. त्याचा हात शिवणाचा, हे तुला मी सांगायला नको. मागच्या आठवड्यात त्याने एक पँट कापली, शिवायला घेतली, तेव्हा कळलं की कापड उलटवायचं राहिलं आणि दोन्ही बाजू डाव्याच निघाल्या. गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला, "दोन्ही पाय डावे असलेला कुणी भेटला तर पाठवतो." धाकट्याने दोन दिवस कात्रीला हात लावला नाही.

तुझ्या टेबलावर इस्त्री ठेवत नाही. तो तर त्यावर हातसुद्धा टेकत नाही. कापड जमिनीवर पसरून कापतो. म्हणतो, "ते दादाच्या उंचीचं आहे, मला पोचत नाही." पोचतं रे, चार बोटांचा तर फरक. पण असू दे.

आता मुद्द्याचं. तो मला रोज विचारतो, दादा उभा राहणार का? कारण उभा राहणार नसशील तर तुला पुढे काउंटरवर बसवायचं, तू मापं लिहून घ्यायची, आणि कटिंगला बाहेरचा माणूस आणायचा, असं त्याच्या मनात आहे. वाईट हेतूने नाही. त्याला दुसरं सुचत नाही. तू काय ते खरं लिही. मला कळवलंस की मी त्याला सांगेन.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

उभं राहण्याचं नाव काढू नका. मी इथे नीट बसायला शिकतोय, तेवढं पुरे. खुर्चीतून खाटेवर, खाटेवरून खुर्चीत, असा माझा प्रवास चालू आहे. देवाने ठेवलं तसं राहावं.

बाहेरचा माणूस मात्र मी येईपर्यंत आणू नका, एवढी विनंती.

इथे पायांना आधाराचे कॅलिपर बनवणारे एक काका आहेत, त्यांच्याशी माझं भांडण झालं. मापावरून झालं. जास्त विचारू नकोस.

मास्तर


४ मार्च

मास्तर,

तुझं पत्र धाकट्याला वाचून दाखवलं. ऐकून उठला आणि मशीनवर जाऊन बसला. बराच वेळ सुईत दोराच घातला नाही, नुसतं पायडल मारत होता.

बरं, तुझी ती चाकांची खुर्ची जमिनीपासून किती उंच आहे? इंचात कळव. मला तिला आवरण शिवायचं आहे.

आणि देवाने ठेवलं तसं राहावं हे तू कधीपासून म्हणायला लागलास? जेवणात मीठ कमी पडलं तर तू देवाने ठेवलं तसं ठेवत नाहीस.

ताई


१० मार्च

ताई,

खुर्ची एकोणीस इंच, उशी सोडून. आवरणाला जमिनीपासूनची उंची लागते हे सव्वीस वर्षं कपडे कापून मला माहीत नव्हतं. पण तू विचारतेस म्हणजे काही असेल.

मास्तर


२२ मार्च

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच, आणि चष्मा लावून वाच.

मी तुला खोटं लिहिलं. मी उभा राहतो. पहिल्यांदा राहिलो त्याला आज पाच आठवडे झाले.

कसं ते सांगतो. मांडीत आणि कुल्ल्यात करंट दिला की पाय ताठ होतात, पण किती वेळ ताठ राहतील याचा भरवसा नाही, म्हणून बाहेरून कॅलिपर घालायचे. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी एक कडी. ती टक् करून बसली की गुडघा वाकत नाही. आतून करंट, बाहेरून लोखंड, हातात वॉकर. वॉकरच्या मुठीवर दोन बटणं आहेत. डावं दाबलं की डावा पाय उचलला जातो, उजवं दाबलं की उजवा. पहिल्या दिवशी मी घाबरून दोन्ही एकदम दाबली. पुढचं लिहीत नाही. बाईंनी मागून पट्टा धरला होता म्हणून हे पत्र लिहू शकतोय.

आता भांडणाचं. पहिले कॅलिपर आले, मी उभा राहिलो, समोर मोठा आरसा. सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी बघतोय माझा खांदा. डावा खांदा पाऊण इंच वर. अशा खांद्याचा सदरा माझ्याकडे आला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. संध्याकाळी बाईंनी आरसा धरून दाखवलं, मांडीच्या वर जिथे पट्टा रुततो तिथे कातडी लालभडक. मला दुखत नाही, ताई, यातच सगळा धोका आहे. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कळत नाही म्हणून जखम होते.

मी काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, माझं माप झोपवून घेतलंत?"

काका चामडं कापत होते. वर न बघता म्हणाले, "मग काय उभं करून घेऊ? उभे राहत असतात तर माझ्याकडे कशाला आला असता?"

मी खुर्ची आणखी पुढे सरकवली. मग म्हटलं, "काका, मीही मापाचाच धंदा करतो. निजलेल्या माणसाचं मांस पसरतं, टाच सैल पडते, कंबर भलतीकडे जाते. निजलेल्याचं माप म्हणजे दुसऱ्याच माणसाचं माप." ते म्हणाले, "तुमचं कापड चुकलं तर उसवता येतं. माझं लोखंड आहे." मी म्हटलं, "म्हणून तर." मग आम्ही दोघंही ओरडत होतो.

शेवटी बाई मधे पडल्या. म्हणाल्या, कॅलिपर नको, नुसत्या करंटवर याला मिनिटभर उभा करते, दोघं जण खांदे धरतील, तेवढ्यात घ्या माप. काका टेप घेऊन माझ्या पायाशी गुडघे टेकून बसले. सव्वीस वर्षं मी लोकांच्या पायाशी बसून मापं घेतली, माझं कुणी घेतलं नव्हतं. आणि मी काय केलं असेल? पोट आत ओढलं. काका पायाचं माप घेतायत आणि मी पोट आत ओढतोय! किती गिऱ्हाइकांना मी त्यावरून हसलो असेन. माप घेणाऱ्यासमोर माणूस आहे तसा उभा राहतच नाही. तुला लिहिलेल्या पत्रांतही माझं तेच झालं.

नवे कॅलिपर बेतशीर बसले. काकांनी तेव्हापासून दोन जणांची मापं उभ्याने घेतली, आणि भेटेल त्याला ही त्यांचीच युक्ती म्हणून सांगतात.

उभं राहिल्यावर मला पहिलं काय दिसलं ते विचार. कपाटावरची धूळ. आठ महिन्यांत मी कुठल्याही कपाटाच्या वर बघितलं नव्हतं. झाडणाऱ्या मावशींना मी ते मोठ्या आनंदाने सांगितलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

आता मी चौदा मिनिटं उभा राहतो. चौदाव्या मिनिटाला मांड्या थकतात, मशीन कितीही दार वाजवू दे. पण कंबरेमागे पट्टा लावून टेबलाला पोट टेकवलं तर दोन्ही हात मोकळे राहतात. समजलं ना? माझं टेबल माझ्या बेंबीच्या दोन बोटं खाली आहे, सुताराने मला उभं करून मापलेलं. घरी येईन, काही न बोलता टेबलाशी उभा राहीन आणि म्हणेन, "कात्री." माझे उस्ताद बसून कापणाऱ्याला दुकानात ठेवत नसत. मी काउंटरवर बसून मापं लिहिणार नाही, ताई. कटिंग गेलं तर मग मी त्या दुकानात कोण?

धाकट्याला अवाक्षर बोलू नकोस. मला त्याचं तोंड बघायचंय.

मास्तर


२७ मार्च

मास्तर,

तू उभा राहतोस हे वाचून मी देवाचे किती आभार मानले ते त्याला माहीत. खरंच. डोळे भरून आले.

पण मला सांग, उभं राहण्यात एवढं काय आहे? मी अठ्ठावन्न वर्षं उभी आहे. पाय दुखण्यापलीकडे मला काही मिळालं नाही. बसून माणूस शांत राहतो. विचार करतो. तुझा तर विचारी स्वभाव.

चौदा मिनिटं म्हणजे रोजची चौदा की वाढतील? फार वाढवू नकोस.

तुला उभ्याने वाकता येतं का? थोडं? की बरंच?

टेबलाचं म्हणशील तर टेबल आहे. जागेवर आहे. म्हणजे जेवढं आहे तेवढं आहे.

धाकट्याला काही बोलले नाही. त्यानेही मला काही बोलू नकोस म्हणून सांगितलंय, त्यामुळे घरात सध्या बरीच शांतता आहे.

ताई


३ एप्रिल

ताई,

टेबल जेवढं आहे तेवढं आहे, याचा अर्थ मी चार दिवस लावतोय.

बाहेरचा माणूस आणलात ना? त्याला माझं टेबल दिलंत. म्हणून मी बसावं, शांत राहावं, विचार करावा. धाकट्याने तुला काय बोलू नकोस म्हणून सांगितलंय ते मला कळलं. मीच बसून राहतो असं लिहिलं होतं, तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. पण थांबा म्हटलं होतं मी. तीन महिने थांबवलं नाही तुम्हाला?

सव्वीस तारखेला मला सोडतायत. काउंटरवरची खुर्ची काढून ठेवा. मी माझी घेऊन येतोय.

मास्तर


८ एप्रिल

अरे वेड्या,

कुणी आलेलं नाही. कुणालाही टेबल दिलेलं नाही. आता सगळं सांगते, मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझं ते बसून राहण्याचं पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी धाकटा पायडल मारत बसला होता हे लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "ताई, बाहेरचा माणूस नको. दादा टेबलापर्यंत वर येत नसेल तर टेबलाने खाली यावं." मला इतकं बरं वाटलं त्याचं बोलणं! म्हणून तुला खुर्चीची उंची विचारली. आवरणाचं खोटं होतं. तुझं पोस्टकार्ड आलं, मी एकोणीस इंच म्हणून वाचून दाखवलं. सुताराकडून करवत आणली. सुतार म्हणाला मी करून देतो, तर हा म्हणाला, "दादाचं टेबल दुसऱ्या कुणी कापायचं नाही." चारही पायांतून बारा-बारा इंच कापले. कापताना नाक ओढत होता. म्हणे भुशाची धूळ जाते.

आणि मग तुझं उभं राहण्याचं पत्र आलं.

मी काय करणार होते? तू म्हणतोस त्याला सांगू नकोस, तो म्हणतो दादाला सांगू नकोस. तो मला दिवसातून दोनदा विचारतो, "दादा खूश होईल ना गं?" आणि मी कढईत डोकं घालून हो म्हणते.

अजून एक. मी पुन्हा तुझं कार्ड काढून बघितलं, चष्मा लावून. त्यावर "उशी सोडून" लिहिलंय. म्हणजे टेबल उभ्यालाही खाली झालं आणि बसलेल्यालाही. तुझे गुडघे आत जाणार नाहीत. सध्या ते टेबल फक्त मांडी घालून बसणाऱ्या धिप्पाड माणसाच्या कामाचं आहे.

कापलेले तुकडे मी पुसून माझ्या खाटेखाली ठेवलेत. का ते विचारू नकोस. टाकवले नाहीत.

मी परवा लेकीकडे जातेय, तिचे दिवस भरत आले. तू म्हणशील बरी वेळ साधली. साधलीच. तुम्ही दोघं आपलं आपलं बघा. मी आता बाळाशीच बोलणार आहे, त्याला कुणी शपथ घातलेली नसते.

ताई


२७ एप्रिल

ताई,

भाची आणि बाळ ठीक असल्याचा निरोप पोचला. बाळाला अंघोळ घालताना त्याच्या लाथा सांभाळ. मामेआजोबांवर गेलं असेल.

आता माझा वृत्तांत.

तुझं पत्र मी तिथे केंद्रात उभा असताना वाचलं. बाराव्या मिनिटाला "धिप्पाड माणसाच्या कामाचं" इथे पोचलो आणि इतका हसलो की वॉकर सुटला. बाईंनी पत्र काढून घेतलं आणि स्वतः वाचलं. त्या खाली बसूनच हसल्या. हसणं संपल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "मास्तर, एक सदरा कापायला किती वेळ लागतो?" म्हटलं, "पंचवीस मिनिटं." "आणि दिवसाला किती कापता?" मी हात पुढे करून पत्र परत मागितलं. त्यांना उत्तर ऐकायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उंच टेबल मांडलं, कुठून तरी कापड आणलं, माझ्या मागे पट्टा लावला. मी उभा राहिलो. ताई, काय सांगू! कात्रीचा तो चरचर आवाज. मागचा भाग कापला, पुढचे दोन्ही कापले. बाही घेतली. तेरावं मिनिट होतं. मांड्यांना कापरं भरलं, सगळं अंग हललं, आणि कात्री खुणेवरून आत गेली. बाही गेली. सव्वीस वर्षांत माझ्या हातून कापड फुकट गेलं नव्हतं. बाईंनी ती बाही घडी करून बाजूला ठेवली. काका येऊन बघून गेले, त्यांनीसुद्धा टोमणा मारला नाही, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

नंतर बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. म्हणाल्या, "उभं राहणं सोडायचं नाही. हाडं शाबूत राहतात, रक्त खेळतं, एका जागी जखमा होत नाहीत. पण हे पाय तुमची नोकरी करणार नाहीत. तुम्हाला कापायचंय की उभं राहून कापायचंय, ते ठरवा."

मी दोन दिवस त्या एका प्रश्नाशी बसलो. उस्तादांची आठवण काढली. ते बसून कापणाऱ्याला ठेवत नसत, हे खरं. पण त्यांनी मला ठेवलं होतं ते माझ्या पायांकडे बघून नव्हतं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ठरवलं, बसून कापायचं. तुमचं खाली आलेलं टेबल आपल्याला पाहिजे तेच आहे, उशीपुरतं ठोकळ्यांवर चढवून घेऊ. फार हलकं वाटलं. वाटेत गाडीत मी धाकट्याला काय बोलायचं त्याची तालीम करत होतो.

आता ऐक. मी दुकानात आलो. टेबलावर चादर घातलेली. धाकटा घामाघूम. म्हणाला, "दादा, डोळे मीट." मिटले. चादर ओढल्याचा आवाज आला. उघडले, तर टेबलाची कड माझ्या छातीसमोर. पहिल्याइतकं उंच!

"तुला वाटलं मला कळणार नाही," म्हणाला, "त्या बाईंचा फोन आला होता. भिंतीत भक्कम हुक बसवून घ्या म्हणाल्या. मी विचारलं कशाला. म्हणाल्या, पट्टा अडकवून उभं राहायला. दादा, त्या दिवशी मी जेवलो नाही. ताईच्या खाटेखालचे तुकडे काढले, चारही पाय पुन्हा जोडले. डिंक लावलाय, खिळे मारलेत, वरून लोखंडी पट्ट्या. हलवून बघ. आता हत्ती बसला तरी हलणार नाही."

हलवून बघितलं. हललं नाही.

बसून कापायचं ठरलंय असं मी म्हणणार होतो, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं. कॅलिपर चढवले, पट्टा हुकात अडकवला, मशीन लावलं आणि उभा राहिलो. पोट टेबलाला टेकवलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, तू माझ्याहून उंच आहेस हे विसरूनच गेलो होतो मी." मग माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, नुसता. दोघांनी रस्त्याकडे बघितलं. समोरचा घड्याळवाला हात हलवत होता, दोघांनीही त्याला हात केला. दहा मिनिटं गेली. त्याने कात्री पुढे केली.

मी घेतली नाही. खाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. पत्रातलं खोटं, चौदा मिनिटं, फुकट गेलेली बाही. एकदाही पोट आत ओढलं नाही.

तो म्हणाला, "म्हणजे परत काढू? ठोकलेत रे मी खिळे!"

म्हटलं, "तू काही काढू नकोस. तुझं काम शिवायचं, ते तू केलंस. करवत आण, आणि माझं माप घे."

मापावर तो हसला, मग रडला, मग टेप घेऊन खाली बसला. या वेळी खुर्ची, उशी, मांडी, वर दोन बोटं हवा, सगळं धरून. एकोणतीस इंच आलं. टेबलाच्या अडतिसातून नऊ जाणार. म्हणजे त्याच्या सांध्यांच्या खाली तीन इंच उरणार. त्याच्या पट्ट्या, त्याचे खिळे टेबलाला तसेच राहणार. हे कळल्यावर त्याने नाक पुसलं. आम्ही टेबल आडवं केलं, मी चारही पायांवर खडूने खुणा केल्या, खुर्चीला छातीचा पट्टा बांधला आणि कापायला घेतलं. धाकटा म्हणाला, "मी कापतो, दादा, तू दमशील." म्हटलं, "या दुकानात कापतो कोण?" तो पाय धरून राहिला, टेबलाचे.

हे झालं काल. आज सकाळी सहाला उठलो. कॅलिपर घातले, भिंतीच्या हुकाला पट्टा लावला आणि देवासमोर उभा राहिलो. त्याला सांगितलं, चौदा मिनिटं आहेत, माझं ऐकून झालं की तुझं काय ते बोल. मला वाटतं त्यालाही घाईचं गिऱ्हाईक आवडत नसावं, काही बोलला नाही. पण बाराव्या मिनिटाला मला एकदम बरं वाटलं. हे उभं राहणं आता कशाच्याही कामाचं नव्हतं, म्हणूनच ते माझं होतं.

मग दहा वाजता दुकान उघडलं. शाळेतल्या सरांच्या सदऱ्याचं कापड आलं होतं, निळं, बारीक चौकडीचं. खुर्ची टेबलाखाली गेली, गुडघे गेले, उशीसकट. मी कापड पसरलं, हाताने सपाट केलं, चौकडी जुळवली. धाकट्याने शिवणयंत्र बंद केलं आणि तो बघत राहिला. मी खुणेवर कात्री ठेवली आणि बसून कापलं.

मास्तर